राजवाड्यातून मतपेटीकडे

बडोद्याच्या गायकवाडांविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी बहुधा सयाजीराव महाराजांपाशीच थांबते. ते स्वाभाविक आहे. परंतु त्यांचे पणतू फत्तेसिंहराव यांच्या वाट्याला जो प्रसंग आला, तो सयाजीरावांवरही कधी आला नव्हता. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दिले, त्यातील पुरुषाला प्रजेच्या दारी जाऊन मत मागावे लागले!

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ साली प्रतापसिंहरावांना बाजूला सारून केंद्र सरकारने फत्तेसिंहरावांना महाराज म्हणून मान्यता दिली. १९५७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. १९६२ सालीही आले.

मला मात्र अधिक मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा टप्पा. १९६७ साली ते गुजरात विधानसभेत गेले आणि मंत्री झाले. खाती कोणती? आरोग्य, मत्स्योद्योग आणि तुरुंग! लक्ष्मीविलास राजवाड्यात वाढलेल्या माणसाने कैद्यांच्या आणि कोळ्यांच्या फायली वाचावयाच्या, आणि त्यांबद्दल सभागृहात कोणाही आमदाराने विचारलेल्या प्रश्नाला उभे राहून उत्तर द्यावयाचे. सयाजीरावांच्या काळीही धारासभा होती. पण शेवटचा शब्द महाराजांचा असे. येथे शेवटचा शब्द सभागृहाचा होता.

१९७१ च्या मार्चमध्ये ते पुन्हा लोकसभेवर गेले. देशभर इंदिराबाईंची लाट असता हे संघटना काँग्रेसतर्फे निवडून आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. महाराजपद गेले, खासदारपद राहिले. कारण पहिले सरकारने मान्य केलेले होते, दुसरे लोकांनी दिलेले. १९७७ साली जनता पक्षाचे वारे वाहत असता ते काँग्रेसच्या तिकिटावर पुन्हा विजयी झाले.

केवळ घराण्याच्या पुण्याईवर हे साधले, असे म्हणणारे म्हणतील. पण पुण्याई मतपेटीत मोजून पडते, हे बडोद्याने पुढे दाखवून दिले. १९९६ साली काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड याच जागेवर निवडून आले, ते अवघ्या १७ मतांनी. दोन वर्षांनी ती जागा भाजपच्या जयाबेन ठक्कर यांच्याकडे गेली.