गोऱ्ह्याचा हिशेब



मंडळीत मला नेहमी विचारले जाते, "पाड्यावर घरटी चार-पाच गुरे असतात, मग ही माणसे गरीब कशी?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी गोऱ्ह्याचा हिशेब मांडावा लागेल.

अकोले, इगतपुरी हा डांगी गुरांचा मुलूख. मुसळधार पावसात, भातखाचराच्या चिखलात टिकणारे हे जनावर. गाय दूध मात्र बेताचेच देते, आणि त्यातले बरेचसे वासरू पिते. म्हणून रोख पैसा यायचा तो गोऱ्ह्यातून. गाय नऊ महिने गाभण, मग कालवड होईल की गोऱ्हा हे देवाच्या हाती. गोऱ्हा झाला तर तो दुसा होईपर्यंत, म्हणजे दोन पक्के दात येईपर्यंत, अडीच वर्षे सांभाळायचा.

समजा, तो 18 हजारांना गेला. (आकडे समजावण्यापुरते धरले आहेत.) उन्हाळ्यातला पेंढा 4 हजार, औषधे 1 हजार, टेम्पो, दलाली व पावती मिळून दीड हजार. उरले साडेअकरा हजार. तीस महिन्यांनी भागा : महिन्याला 400 रुपयेसुद्धा नाहीत. वासरू घटसर्पाने दगावले तर तेही नाहीत.

रानातली चराई फुकट असते, असे आपण म्हणतो. पण गुरांमागे कोणाला तरी जावे लागते, आणि पुष्कळदा तो दहा वर्षांचा मुलगा असतो. त्याची बुडालेली शाळा या हिशेबात कोणी धरत नाही.

शिवाय गोऱ्हा क्वचितच योग्य वेळी विकला जातो. घरात आजारपण आले की हेडी दारात येतो आणि आदत गोऱ्हा पडेल त्या भावाने जातो. आणखी वर्षभर थांबून औताला शिकवला असता तर बरीच जास्त किंमत आली असती. पण थांबायला हाताशी पैसा लागतो.

मार्च 2015 पासून आणखी एक गाठ पडली. गायीची कत्तल 1976 च्या कायद्यानेच बंद होती. बैल मात्र निकामी ठरल्याचा दाखला घेऊन कत्तलीला विकता येई. तेही बंद झाले. पूर्वी म्हातारा बैल विकून त्यात थोडी भर घातली की नवा गोऱ्हा येई. आता तो बैल मरेपर्यंत दावणीला पोसायचा. बैल घेणाराही साहजिकच शेवटी हाती काही येणार नाही हे धरूनच भाव करतो. कायदा बरोबर की चूक हा वाद मी येथे घालत नाही. पण त्याचा खर्च सर्वांत लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात येऊन पडला आहे, एवढे नक्की. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही, परंतु म्हशीला चारा-पाणी भरपूर लागते आणि एप्रिलमध्ये पाड्यावर माणसांनाच पाणी पुरत नाही.

अनेक देणगीदार गाय दान करू इच्छितात. भावना मोठी आहे, पण गाय म्हणजे खाणारे आणखी एक तोंड. त्यापेक्षा आजारपणात बिनव्याजी उसने देता येतील असे तीन-चार हजार रुपये एखाद्या घराचा गोऱ्हा वर्षभर थांबवू शकतात. दुसरी गरज लसीची. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाआधी टोचावी लागते. ती सरकारी दवाखान्यात मिळते. अडचण असते ती बर्फाच्या डब्यातून थंडगार पाड्यापर्यंत चढवून नेण्याची. त्यासाठी मे महिन्यात दोन दिवस एक जीप आणि चार धडधाकट तरुण हवे आहेत.