इतिहासाचा पेपर उद्या, अभ्यास आज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणिताची धास्ती वर्षभर असते, इतिहासाची आदल्या संध्याकाळी सुरू होते. ‘गोष्टीच तर आहेत, एका रात्रीत होतील’ या भरवशावर पुस्तक कोरं राहतं आणि मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो : जाग, घोक, दोनदा वाच, पुरवण्या भर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या सल्ल्यांपैकी बरेचसे स्मरणावरच्या संशोधनात टिकत नाहीत. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडाही त्यांना दुजोरा देत नाही.

गैरसमज : इतिहास म्हणजे सनावळ्या. त्या पाठ झाल्या की पेपर झाला.

वस्तुस्थिती : राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढायांची जंत्री फारशी नाहीच. इतिहासलेखनाच्या परंपरा, भारतीय कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे त्यातले विषय आहेत. सध्याच्या आराखड्यात इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात इतिहासाचे गुण २८. योग्य पर्याय निवडणं आणि चुकीची जोडी ओळखणं यांना मिळून ६ गुण मिळतात. उरलेले २२ गुण संकल्पनाचित्र, टिपा, कारणं, उतारा आणि सविस्तर उत्तरं यांचे. ‘दर्पण’ १८३२ साली निघालं एवढंच माहीत असेल तर फार तर एक गुण पदरात पडतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत का काढलं, हे सांगता आलं तर टीप तयार होते.

म्हणून सनावळ्या सोडून द्यायच्या असं मात्र नाही. सुटी तारीख निसटते, कारणाशी जोडलेली राहते. आठवीतला सविनय कायदेभंग घ्या. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता, म्हणून १९२८ मध्ये त्यावर बहिष्कार पडला. ‘तुम्हीच एकमताने राज्यघटना करून दाखवा’ या ब्रिटिशांच्या आव्हानाला उत्तर म्हणून त्याच वर्षी नेहरू अहवाल आला. वसाहतीच्या स्वराज्याची त्यातली मागणी मान्य झाली नाही, म्हणून डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० रोजी स्वातंत्र्यदिन पाळला. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापूर पेटलं आणि तिथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. ‘म्हणून’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांवर हा क्रम उभा राहतो. राज्यघटना लागू करायला १९५० सालची २६ जानेवारीच का निवडली, याचं उत्तरही त्याच साखळीत आहे.

गैरसमज : धडा तीन-चार वेळा वाचला की डोक्यात बसतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. बाकीचे एकदाच वाचले आणि मग उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं सरस ठरलं : ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं ५४ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ६८ टक्के.

फसगत नेमकी इथेच होते. दुसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि तेच ‘येतंय’ असं वाटायला लागतं. पण पेपरात पान समोर नसतं. तिथे ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. म्हणून धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावं आणि कोऱ्या कागदावर मुद्दे लिहावेत. मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत. पुढची उजळणी त्या वेगळ्या शाईचीच.

गैरसमज : महत्त्वाचं रंगवून ठेवलं की अर्धा अभ्यास झाला.

वस्तुस्थिती : जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती संशोधनाच्या कसोटीवर तपासल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या गटात गेली. वरच्या गटात दोनच पद्धती बसल्या : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास वेळेत विभागून करणं. पिवळं पान दिसतं छान, पण रंगवताना स्मरणाला काही कामच पडत नाही.

गैरसमज : एका बैठकीत एक धडा पक्का घोकून संपवावा, परत त्याकडे बघू नये.

वस्तुस्थिती : जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली स्मरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते पाठ करत. एकाच दिवशी सलग ६८ उजळण्या करून जेवढा फायदा झाला, साधारण तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी झाला. हातात एकच संध्याकाळ असली तरी थोडं अंतर ठेवता येतं. पहिला धडा, दुसरा धडा, मग पहिल्याचे मुद्दे न बघता, जेवणानंतर दोन्हींचे, सकाळी फक्त अडलेले.

गैरसमज : झोप काय, परीक्षेनंतर काढता येईल.

वस्तुस्थिती : लॉस एंजेलिसच्या ५३५ शालेय विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी ज्या रात्री झोप कापली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातलं न समजण्याच्या आणि चाचणीत मागे पडण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. झोपेत विसरणं मंदावतं, हे जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. रात्री दोनपर्यंत ताणलेला शेवटचा धडा आधीच्या चार धड्यांनाही धोक्यात आणतो.

गैरसमज : जितक्या पुरवण्या, तितके मार्क.

वस्तुस्थिती : ४० गुणांना दोन तास, म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटं. दोन गुणांच्या टिपेला सहा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात पानभर मजकूर लिहीत बसलं तर शेवटच्या प्रश्नाच्या वेळेवर गदा येते. तपासणारे मुद्दे शोधतात. उताऱ्याचे ४ गुण तर पाठांतराविना मिळण्यासारखे असतात, कारण बरीचशी उत्तरं समोरच छापलेली असतात.

गैरसमज : ‘अपेक्षित’ प्रश्न पाठ केले की भागतं.

वस्तुस्थिती : कोणता प्रश्न येणार याची हमी कोणताही संच देऊ शकत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचा खरा उपयोग वेगळा आहे : घड्याळ लावून, उत्तरं न बघता त्या सोडवणं. छापील उत्तरं नुसती वाचली, तर ते पुन्हा पुनर्वाचनच झालं.

गैरसमज : एका रात्रीच्या अभ्यासाने काहीच होत नाही.

वस्तुस्थिती : होतं, पण मर्यादित. दुसऱ्या दिवशीचा पेपर निभावतो. मात्र एका दमात कोंबलेलं लवकर ओसरतं, त्यामुळे घटक चाचणीला चाललेली युक्ती फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाला पुरत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी चारच तास असतील, तर पहिली दहा मिनिटं गुणविभागणी पाहण्यात घालवा. मग प्रत्येक धड्यासाठी एक वाचन, मिटल्या पुस्तकाने एकदा मुद्दे, शेवटचा तास जुन्या प्रश्नपत्रिकेला, आणि झोप ठरल्या वेळेला. पालकांसाठी एकच विनंती : ‘अजून एकदा वाच’ म्हणू नका. पुस्तक आपल्या हातात घ्या आणि प्रश्न विचारा.