खवट होण्याआधी

मधमाशीच्या पेशीपटलातली स्निग्धद्रव्यं मोजायला बसलेल्या रसायनतज्ज्ञाचा मोठा शत्रू म्हणजे हवा. गोठवलेली माशी दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉलमध्ये घोटायची. त्यात मिठाचं पाणी मिसळलं की दोन थर होतात. स्निग्धद्रव्यं खालच्या, क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतात. फोल्श आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली मांडलेली ही पद्धत अजून चालते. पुढे द्रावक नायट्रोजनच्या झोतात उडवायचा, अँटिऑक्सिडंट घालायचं, कुपी थंडीत ठेवायची.

हे सगळं नमुना खवट होऊ नये म्हणून.

उघडी राहिलेली जवसाची चटणी ज्या क्रियेनं खवट होते, तीच क्रिया जिवंत पेशीच्या पटलातही चालते. स्निग्धद्रव्यातल्या स्निग्धाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध जितके जास्त, तितका ऑक्सिजनचा घाव सोपा; आणि एक रेणू बिघडला की शेजारच्यालाही ओढतो. एकच दुहेरी बंध असलेल्या ओलिक आम्लापेक्षा दोन बंधांचं लिनोलिक सुमारे चाळीसपट लवकर बिघडतं. सहा बंधांचं डीएचए हे स्निग्धाम्ल त्या लिनोलिकच्याही आठपट.

आता पोळ्याकडे. राणी आणि कामकरी, दोघी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. उन्हाळ्यातली कामकरी काही आठवडे जगते, राणी काही वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या हलबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दोघींची पटलं तपासली. कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघींत अनेक दुहेरी बंधांची आम्लं कमीच होती. पहिल्याच आठवड्यात कामकरीत ती झपाट्यानं वाढली; राणीत नाही. कामकरी परागकण खाते, राणीला मात्र जन्मभर रॉयल जेली भरवली जाते. स्निग्धाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखावरच्या शिखरांत आहारातला हा फरक असा स्पष्ट उमटतो, याचं अप्रूप वाटतं.

उंदराएवढा, पण तीस वर्षांहून अधिक जगणारा आफ्रिकेतला नेकेड मोल-रॅटही याच गटाच्या तपासणीत आला. त्याच्या पटलांत डीएचए उंदराच्या सुमारे नवव्या हिश्शाइतकंच निघालं.

पण कमी दुहेरी बंध आणि दीर्घायुष्य या दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. आणि सस्तन प्राण्याचं शरीर पटलाची घडण बरीचशी स्वतःच सांभाळतं. तेव्हा हे वाचून कुणी डीएचए असलेला बांगडा ताटातून बाजूला सारू नये. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला डीएचए लागतंच.