जखम झालेला मज्जारज्जू (भाग ५) : व्रणाची बाजू

मणका मोडला की मज्जारज्जू तुटला, असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात तो आरपार क्वचितच तुटतो, बहुतेकदा चेंगरतो. कडेचे काही तंतू शाबूत राहतात. मार बसण्याचा तो क्षण आपण मागच्या भागात पाहिला. पण बरंचसं नुकसान त्यानंतर, तासागणिक वाढत जातं.

बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज येते, रक्तपुरवठा घटतो. मरणाऱ्या चेतापेशींतून ग्लुटामेट बाहेर पडतं. एरवी हे संदेश पोचवणारं रसायन, पण ते प्रमाणाबाहेर साचलं की शेजारच्या धडधाकट पेशींत कॅल्शियम शिरतं आणि त्याही मरतात. मज्जारज्जूतल्या संरक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, काही मिनिटांतच जखमेकडे वळतात. मागोमाग रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. मेलेलं उचलता उचलता त्या जिवंत भागालाही इजा करतात; हाच दाह. तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तर पुढे कित्येक आठवडे मरत राहतात. मग न तुटलेले तंतूही उघडे पडून संदेश नेईनासे होतात.

तुटलेल्या तंतूचा पेशीपासून सुटलेला भाग झडून जातो. अलीकडचं टोक मात्र जिवंत असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते किंचित मागे सरलेलं, गोळ्यासारखं फुगलेलं दिसतं. सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही टोकं बारकाईने रेखाटली. त्यांना कोवळे फुटवेही दिसले, पण ते लवकरच खुंटत.

दोष तंतूचा की परिसराचा? १९८१ मध्ये माँट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा त्याच्या मज्जारज्जूला जोडला. त्या तुकड्यातून तंतू सुमारे तीन सेंटिमीटर वाढले! म्हणजे वाढण्याची धमक होती, जागा आडवी येत होती.

संशय गेला व्रणावर. जखमेभोवती ॲस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी वाढतात आणि एकमेकींत गुंतून दाट कडं करतात. या व्रणात तंतूंची वाढ रोखणारे रेणूही साचतात. २००२ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी विकराने ते रेणू तोडले, तेव्हा उंदरांच्या हालचाली काहीशा सुधारल्या.

व्रण म्हणजे शत्रू, हे समीकरण अनेकांच्या मनात पक्कं बसलं. मला ते अन्यायाचं वाटतं. वणवा पसरू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढतात, तसं हे कडं दाह आतच रोखून धरतं. कॅलिफोर्नियात मायकेल सोफ्रोन्यू यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये उंदरांतल्या जखमेभोवतीच्या ॲस्ट्रोसाइट पेशी नष्ट करून पाहिल्या. दाह पसरला, जास्त चेतापेशी मेल्या, चालणं आणखी बिघडलं. २०१६ मध्ये त्याच गटाने दाखवलं की व्रण होऊ दिला नाही तरी तंतू वाढत नाहीत. उलट वाढीची योग्य रसायनं पुरवली, तर ते व्रणातूनही वाट काढतात.

माणसाचा तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारं औषध आज नाही. म्हणून कडेचे जे तंतू वाचले आहेत, ते जपणं सर्वांत मोलाचं. अपघातात मानेला किंवा पाठीला मार बसलेल्या माणसाला घाईने उचलून बसवू नका, रिक्षात कोंबू नका. मान हलू न देता आहे तिथेच राहू द्या आणि १०८ ला फोन करा.