गाजर गवत उपटूनही परत का येतं?

पहिल्या पावसानंतर कुंड्यांच्या फटीत आणि कुंपणालगत गाजर गवत उगवतं. आज उपटलं तरी पंधरा दिवसांत तिथेच नवी रोपं दिसतात, आणि मग 'याचं मूळ फार खोल जातं' असा समज घरोघरी पक्का होतो. प्रत्यक्षात हे एका हंगामात संपणारं रोप आहे. त्याचं सोटमूळ ओल्या मातीतून सहज निघतं आणि मातीत राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून नवं रोप येत नाही. परत येतं ते मातीत आधीच पडून असलेलं बी. एकेका पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या फुलात साधारण पाच काळ्या, बारीक बिया धरतात. फुलं शेकड्यांनी लागतात, त्यामुळे एक जोमदार झाड हजारो बिया टाकतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यातच ते फुलायला लागतं. म्हणून अंगणातली ही लढाई मुळाशी नाही, बियांच्या साठ्याशी आहे. दरवर्षी या साठ्यात भर पडू दिली नाही, तरच तो आटतो.

हे लक्षात आलं की अनेक घरगुती उपाय उलटे का पडतात ते कळतं. विळ्याने वरचेवर कापलं की जमिनीलगतचा बुंधा शाबूत राहतो, त्याला बगलेतून फुटवे येतात आणि झाड बुटकं राहूनही फुलतं. 'जमीन खोल खणून उलटी करा' हा सल्लाही तसाच. वरच्या थरात पडलेलं बी बऱ्यापैकी लवकर मरतं, पण मातीखाली चार-पाच सेंटीमीटर गाडलं गेलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पुढच्या खणणीत तेच वर येतं आणि उगवतं. मिठाचं दाट पाणी फवारलं की पानं करपतात हे खरं, रस्त्याकडेला तसं करतातही. पण बागेत तेच मीठ मातीची घडण बिघडवतं, आणि गुलाब-मोगऱ्यालाही भोवतं.

यावर कोणी म्हणेल की एवढं वाकून उपटत बसण्यापेक्षा तणनाशक बरं. पण ग्लायफोसेटसारखं तणनाशक उगवलेलं झाड मारतं, मातीतल्या बीला काहीच करत नाही. शिवाय 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरती मर्यादित करण्याचा आदेश काढला होता. दुसरा आक्षेप मेक्सिकन भुंग्याचा. 1984 मध्ये बंगळुरूजवळ सोडलेला हा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा पावसाळ्यात पानं फस्त करतो खरा, पण कोरड्या महिन्यांत मातीत झोपून राहतो. तेव्हा घराभोवती त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मात्र हाच न्याय प्रत्येक तणाला लावू नये. लव्हाळ्याचा साठा बियांत नसून जमिनीखालच्या गाठींत असतो. या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात आणि साखळी अखंड असली की टोकाची गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. खुरप्याने तुकडे केले की प्रत्येक गाठ मोकळी होऊन फुटते. तिथे गाठी वेचून कडक उन्हात वाळवणं आणि जागेवर दाट सावली पडेल असं काहीतरी लावणं हाच मार्ग. नुसतं प्लास्टिक अंथरून भागत नाही, कारण लव्हाळ्याची टोकदार पाती पातळ प्लास्टिकही भोसकून वर येतात.

गाजर गवतासाठी काम नेमकं इतकंच आहे: पाऊस पडून माती मऊ झाली की, पांढरं फूल दिसायच्या आत, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून, बुंध्यासकट उपटा. त्याच्या पानांमुळे आणि परागकणांमुळे त्वचेला पुरळ येतं, दम्याचा त्रासही वाढतो, म्हणून मुलांना या कामाला लावू नका. न फुललेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकायला हरकत नाही, फुललेलं मात्र टाकू नका. मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. तिथे पालापाचोळ्याचा जाड थर द्या, किंवा टाकळा, झेंडू दाट पेरा. पहिल्याच वर्षी फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. सलग तीन-चार पावसाळे एकही फूल धरू दिलं नाही, तर उगवणाऱ्या रोपांची संख्या नक्की घटते.