फ्रोझन ट्रान्सफर फेल झालं, म्हणजे नक्की काय झालं?

बंगळूरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा आहे. कारखाने, नारायणा हेल्थ सिटी, आणि ऑगस्ट २०२५ पासून पिवळ्या मार्गिकेची मेट्रो. नोकरीसाठी इथं आलेल्या एखाद्या मराठी जोडप्याचं आयव्हीएफ चालू असेल, तर बीटा-एचसीजीचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, तोही ड्युटीच्या वेळेत. ‘निगेटिव्ह’ वाचायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आई, सासूबाई दूर गावी. कदाचित त्यांना सांगितलेलंही नसतं. आजचं बोलणं त्या दिवसासाठी आहे.

‘फेल झालं’ हा शब्द आपण सगळ्यालाच लावतो. कधी उणे १९६ अंशांवर ठेवलेला भ्रूण बाहेर काढल्यावर टिकत नाही. आजच्या पद्धतीत हे क्वचित घडतं. कधी गर्भाशयाचं अस्तर पुरेसं वाढत नाही आणि डॉक्टर ती सायकल थांबवतात. यात भ्रूण वाया गेलेला नसतो, तो तसाच गोठलेला असतो. कधी भ्रूण रुजतच नाही. आणि कधी बीटा थोडा वाढून उतरतो. या प्रत्येकाचं पुढचं पाऊल वेगळं. म्हणून पहिला प्रश्न ‘आता पुन्हा कधी?’ हा नको, ‘कुठल्या पायरीवर अडलं?’ हा विचारा. (बीटा थोडाच वाढला असेल तर पुन्हा तपासणी होईपर्यंत गाफील राहू नका. पोटात जोरात दुखलं, चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठा.)

आता दोषाचं. जिना चढले म्हणून, बसमध्ये धक्के बसले म्हणून, शिंक आली म्हणून... असं काही नसतं. भ्रूण अस्तराच्या दोन थरांमध्ये असतो, तो घसरून पडत नाही. ट्रान्सफरनंतर अंथरुणाला खिळून राहिल्यानं यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. न रुजण्याचं एक मोठं कारण भ्रूणातल्या गुणसूत्रांची गडबड हे असतं, आणि स्त्रीच्या वयाबरोबर तिचं प्रमाण वाढतं. ती गडबड ट्रान्सफरच्या आधीच ठरलेली असते. तुमच्या त्या पंधरा दिवसांत नव्हे.

या तंत्राची सुरुवातही अपयशानं झाली. मेलबर्नमध्ये अ‍ॅलन ट्राउन्सन यांच्या गटानं १९८३ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा घडवली, पण ती सहाव्या महिन्यात गेली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात असं पहिलं बाळ जन्मलं.

निगेटिव्ह रिपोर्टनंतर माणूस काहीही करायला तयार असतो, आणि नेमकं तेव्हाच जास्तीच्या तपासण्या पुढे येतात. ट्रान्सफरची नेमकी वेळ सांगणारी ईआरए चाचणी घ्या. २०२२ मध्ये ‘जामा’त आलेल्या ७६७ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात तिच्यामुळे जिवंत जन्माचं प्रमाण वाढलं नाही. सगळंच टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही. पण पैसे भरण्याआधी विचारा: याचा फायदा कशावरून? माझ्यासारख्या केसमध्ये?

घाईचं दडपण येतं तेव्हा एक लक्षात ठेवा. गोठवलेल्या भ्रूणाचं वय वाढत नाही. २०२१ च्या कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. भ्रूण शिल्लक असेल तर दोन महिने थांबून दिवाळीला गावी जाऊन आलात, तर त्याचं काही बिघडत नाही. भ्रूणच उरले नसतील आणि पुन्हा बीजं काढायची असतील, तर मात्र वयाचा हिशोब डॉक्टरांशी मोकळेपणानं करा.

घरच्यांचे फोन नवऱ्यानं घ्यावेत, असं मला वाटतं. ‘सांगण्यासारखं असेल तेव्हा आम्हीच सांगू,’ एवढं पुरे. आणि त्यालाही रडू येत असेल तर येऊ द्यावं; त्याचंही काही गेलेलंच असतं.

झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. याचं मुख्य केंद्र बंगळूरूच्याच निम्हान्समध्ये आहे. फोन लागल्यावर ‘मराठीत बोलायचंय’ असं सांगा.