उपेक्षित उद्यान : वैद्याचे एक विसरलेले कर्मक्षेत्र

प्रमेह, स्थौल्य, विबंध, अनिद्रा अशा किती तरी व्याधींत आपण रुग्णास औषधाबरोबर ‘रोज सकाळी चालत जा’ असे सांगतो. तो कोठे चालणार, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेही रुग्णास शंभर योजने चालण्यास, गायींमागे फिरण्यास, शेत नांगरण्यास, इतकेच नव्हे तर विहीर खणण्यासही सांगितले आहे. कृश रुग्णाचे मात्र रक्षण करावे, असा इशाराही तेथेच आहे. आजचा शहरी रुग्ण विहीर खणू शकत नाही. परंतु आपल्या वस्तीतील उद्यानात चार खड्डे खणणे, आळी करणे व पाणी घालणे त्याला निश्चित शक्य आहे. श्रम हीच चिकित्सा आणि त्याचे फळ साऱ्या वस्तीला, असा दुहेरी लाभ त्यात आहे.

या दृष्टीने जळगावच्या मेहरूण परिसराकडे पाहावे. तलावामुळे पहाटे फिरावयास येणाऱ्यांचा येथे नित्य राबता असतो. तलावालगतच्या महापालिकेच्या शिवाजी उद्यानाच्या दुरवस्थेच्या बातम्या मात्र स्थानिक वृत्तपत्रांतून वेळोवेळी येत राहिल्या आहेत. याच शहरात भवरलाल जैन यांच्या उद्योगसमूहाने विकसित केलेले ‘भाऊंचे उद्यान’ आहे आणि वन विभागाचे लांडोरखोरी उद्यानही आहे. ऊन तेच, पाऊस तोच. अंतर पडते ते नित्याच्या देखभालीने. उद्घाटनाच्या दिवशी सर्वच उद्याने सुंदर असतात. तिसऱ्या उन्हाळ्यात जे हिरवे राहते तेच खरे उद्यान.

उद्याने व क्रीडांगणे पुरविणे हा विषय 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांच्या कार्यकक्षेत नमूद आहे. जळगावात 2003 पासून महानगरपालिका आहे. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वी महापालिकेची लेखी अनुमती घ्यावी. पाणी कोण देणार, कचरा कोण उचलणार, फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे त्यातच स्पष्ट करून घ्यावे. आपले काम महापालिकेच्या कर्तव्याला पूरक असावे. त्या कर्तव्यातून तिला मोकळे करणारे नसावे.

मग वैद्याने विशेष असे काय करावयाचे? पहिले काम गाजरगवताचे. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज प्रत्येक ओसाड जागेत माजलेले दिसते. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर दाह व कंडू उत्पन्न होतो, परागकणांनी प्रतिश्याय व श्वास बळावतो. फुलोऱ्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ झाली असता, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. श्वासाच्या व त्वचाविकाराच्या रुग्णांना या कामापासून दूर ठेवावे. मोकळ्या झालेल्या जागेत तरोटा पेरावा. दाट वाढणारा तरोटा गाजरगवताला डोके वर काढू देत नाही, हे कृषितज्ज्ञांनी मान्य केले आहे. दद्रूवर आपण वापरतो तो चक्रमर्द हाच.

दुसरे काम वृक्षनिवडीचे. खानदेशच्या उन्हाला टिकणारे निंब, करंज, बेल, उंबर, आवळा हे वृक्ष घ्यावेत; तलावाच्या ओलाव्याकडे अर्जुन शोभेल. आणि मेहरूणमध्ये बोर नसावे, हे कसे चालेल? या गावाचे नाव बोराच्या एका नामांकित वाणाला मिळाले आहे. चरकाचार्यांनी बदराची गणना हृद्य गणात केली आहे आणि विरेचनोपग गणात तर कुवल, बदर व कर्कंधू या तिन्ही बोरांना स्थान दिले आहे. ज्या बोराने गावाचे नाव दूरवर नेले, त्याची चार झाडे गावाच्या उद्यानात असणे हे औचित्यच होय. उद्यानांत ‘अशोक’ म्हणून सरळसोट वाढलेला वृक्ष बहुधा आसुपालव असतो. अशोकारिष्टातील अशोक तो नव्हे. झाडावर अचूक नावाची पाटी लावली, तर विद्यार्थ्यांचे द्रव्यज्ञान वाढेल आणि सालीतील भेसळीविषयी ग्राहकही सावध होईल.

येथे औषधनिर्मात्या बंधूंना एक विनंती. सार्वजनिक वृक्ष हा कच्च्या मालाचा साठा नव्हे. अर्जुनाची साल सभोवार सोलली, तर तो वृक्ष वाळून जातो. फिरावयास येणारे लोकही ‘हृदयासाठी’ म्हणून ती खरवडून नेतात. त्यांना समजावून परावृत्त करणे हे वैद्याचेच काम आहे. उलट आपल्या औषधशाळेतून उद्यानाला देण्याजोगे पुष्कळ आहे. काढे गाळल्यावर उरणारा चोथा कुजवला की उत्तम खत होते. जिल्ह्यात केळीचा वाळलेला पाला विपुल आहे. त्याचे आळ्यात आच्छादन केल्यास ओल टिकते.

तिसरे काम संख्येचा मोह आवरण्याचे. जून-जुलैत शंभर रोपे लावून छायाचित्र काढणे सोपे. कसोटी पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा 45 अंशांकडे झेपावतो तेव्हा लागते. म्हणून पाण्याची जितकी निश्चिती असेल तितकीच झाडे लावावीत. पंचवीस झाडे, प्रत्येकामागे दोन व्यक्ती आणि तीन उन्हाळ्यांची वाटून घेतलेली पाळी, एवढी योजना एका लहान उद्यानास पुरेशी आहे. या पाळीत ज्यांना आपण व्यायाम सांगितला आहे, असे सबल रुग्ण अवश्य असावेत. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा आणि ग्रीष्मात त्याहूनही कमी, ही मर्यादा त्यांना आधी समजावून द्यावी.

जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचा विचार चरकसंहितेने केला आहे. काल आपल्या हाती नाही. परंतु वस्तीतील एक एकर ‘देश’ शुद्ध राखणे आपल्या आवाक्यातील आहे. संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील एक उपेक्षित उद्यान निवडावे. त्यानंतर ‘चालत जा’ हा उपदेश देताना कोठे जावे हेही रुग्णास सांगता येईल.